पांढरी एक, काळी पाच

वणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि सांगितलं, "बाबा, आता फुंकायचं बंद."

उकंडा नगराळेनं मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो कठडा धरून थांबला. दम जागेवर आल्यावर बायकोला म्हणाला, "एक डाव फुंकीन. मंग बंद."

"तुमचा एक डाव मले माईत आहे," सत्यशीला म्हणाली. "चहाबी एकच घोट पेता तुमी, अन् कप भरून ठेवा लागते."

पण या खेपेला तो खरंच एकाच डावाचं बोलत होता. छातीत जो काही दम उरला होता तो कशात घालायचा, हे त्याचं ठरलं होतं. पोरगी यवतमाळला एक गाणं बांधत होती. त्या गाण्यात मारवा रागाची आलापी वाजवायची. बँडच्या नानाजी मास्तरांनी जशी दिली तशी, आपल्या फुंकेनं. ती एकदा पोरीच्या यंत्रात नीट उतरली की क्लॅरोनेट पेटीत ठेवायचं आणि डॉक्टरचं ऐकायचं.

उकंडा राजूरचा. उमेदीची वर्षं सगळी खाणीत लोडर म्हणून गेली. लोडर म्हणजे जमिनीखाली फोडून ठेवलेला कोळसा बेलच्यानं, म्हणजे फावड्यानं, रुळावरच्या लोखंडी डब्यात भरणारा माणूस. बाहेरच्याला वाटतं, त्यात शिकायचं ते काय? पण नुसत्या हाताच्या जोरावर बेलचा मारणारा अर्ध्या पाळीतच गळतो. गुडघा वाकवून दांडा मांडीला टेकवायचा, वजन कमरेतून उचलायचं. बेलचा कोळशात घुसवताना श्वास घ्यायचा, फेकताना सोडायचा. श्वास चुकला की पाठ धरते. उकंडाला हे लवकर जमलं. त्याच्यापेक्षा धिप्पाड गडी पाठ धरून घरी बसले, आणि हा बारीक अंगाचा माणूस शेवटपर्यंत खाली उतरत राहिला.

उन्हाळ्यात तो पाळ्या बदलून घ्यायचा आणि वणीच्या नानाजी मास्तरांच्या बँडमध्ये लग्नं वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, पायात मात्र खाणीतलेच बूट. सुरुवातीला त्याच्याकडे खुळखुळे होते. क्लॅरोनेटवाला सासुरवाडीला गेला तो तिकडेच रमला, तेव्हा मास्तरांनी ते वाद्य उकंडाच्या हातात दिलं. "वाजवता नाई आलं तरी चालन," ते म्हणाले, "पण रांगेत जागा खाली नको दिसू."

पुढं त्याची फुंक पाहून त्यांचं मत बदललं.

नानाजी मास्तर तरुणपणी नागपुरात एका सनईवाल्याच्या घरी राहून राग शिकले होते. वरातीत सिनेमाची गाणी वाजवत, पोट त्यावरच होतं. पण शिकवायला बसले की आधी राग. "पिक्चरचं गाणं कुठून येते असं वाटते तुले?" ते विचारायचे. "कोणीतरी रागातूनच उचललं असते. मूळची जागा पाहून ठेव. मंग कोणतंबी गाणं येऊ दे, बोट अडत नाई."

सकाळपाळी करून उकंडा सायकलनं वणीला जायचा. मास्तरांच्या घरामागं निंबाखाली बसून एकच सूर धरायचा, दम संपेस्तोवर. मग तोच पुन्हा. मारवा लागला तेव्हा किती तरी दिवस 'नि' आणि कोमल 'रे' एवढंच चाललं होतं. 'सा'वर यायला बंदी. या रागाची रीतच ती. माणूस घराभोवती फिरत राहतो, उंबरा ओलांडत नाही. "काम संपलं, पण घर आलं नाई, त्या मधल्या रस्त्याचा राग आहे हा," मास्तर म्हणायचे. उकंडाला याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही. अंगावर पाळीचा थकवा घेऊन तो रोज त्याच रस्त्यानं सायकल मारत परतायचा.

शेवटी मास्तरांनी त्याला एक आलापी बांधून दिली. कोणता सूर किती ओढायचा, कुठं हलकेच सोडायचा, कुठं श्वास घ्यायचा, सगळं ठरलेलं. सूर जरा इकडंतिकडं झाला तर मास्तर नुसते बघायचे. श्वास भलतीकडे घेतला तर हातातली छडी गुडघ्यावर बसायची.

ही आलापी वाजवायला जागा मात्र नव्हती. एकदा मारेगावात नवरदेव रुसला, घोड्यावर चढेना, वरात खोळंबली. दिवस कलला होता. उकंडानं हळूच मारवा सुरू केला. थोड्याच वेळात वरमाईचा माणूस धावत आला, "काहून बाप्पा, कोण मेलं? काही नाचाचं लावा ना!"

मग धुमाल आला. गाडीवर भिंतीएवढे भोंगे, पुढं ढोल, मागं पॅड आणि कीबोर्ड. चार गल्ल्यांपलीकडे खिडक्या थरथरायच्या. त्यापुढं क्लॅरोनेट म्हणजे मिरवणुकीत हरवलेलं लेकरू. नानाजी मास्तर गेले. लाल कोट मोडीत निघाले. उकंडा रिटायर झाला, आणि त्याचं वाद्य एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीला आणि विहारातल्या कार्यक्रमाला तेवढं बाहेर निघू लागलं.

पोरगी ममता यवतमाळला खासगी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. गिटार ती कॉलेजात असताना शिकली. बापानं लहानपणी तोंडानं घोकून घेतलेले सुरांचे पलटे तिनं तारांवर चढवले होते. लॅब सुटली की ती आणि तिचे सोबती लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वाजवत बसत. सत्यशीलाला ते पसंत नव्हतं. "दुसऱ्याच्या लग्नात वाजवणाऱ्याची पोरगी," ती म्हणायची, "अन् सोताच्या लग्नाचं नाव नाई."

एका सुट्टीत ममता घरी आली आणि मोबाइलच्या वायरी तिनं बापाच्या कानात घातल्या. उकंडानं तोंड वाकडं केलं.

"हे कायचं लोहारकाम लावलं वो?"

"हेवी आहे बाबा. हेवी रॉक."

"भारी म्हन ना मंग."

"भारीच आहे. थांबा, काढू नका. आता येते पाहा."

लोहारकामातून एक गिटार वर निघाली आणि जिना चढल्यासारखी सरसर वर गेली. उकंडा ताठ बसला.

"हा पलटा आहे."

"पलटाच आहे."

"मांगं घे. पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. त्यानं मांडीवर बोटं मोजली. चार सुरांचा तुकडा, एकेक पायरी वर सरकत जाणारा. मास्तर सकाळी तोंड धुण्याआधी करून घ्यायचे तसा.

"यायले कोणी शिकवला?"

"त्यायच्याकडे जुने मास्तर होते ना. चर्चमधे, राजवाड्यात वाजवणारे. दोन-अडीचशे वर्षं झाली. त्यायचे पलटे या गिटारवाल्यायनं उचलले, फक्त आवाज मोठा केला. साधी नाचाची गाणीबी तसीच. चाल पाहाल तर खाली जुनंच हाड निघते."

"मंग त्या मास्तरायचं नाव सांगतेत का नाई?"

"सांगतेत. लपवत नाईत."

"तवा ठीक आहे," उकंडा म्हणाला. त्यानं वायरी कानातून काढल्या. "अन् तुमी काय उचलून राह्यले?"

"तुमचा मारवा," ममता म्हणाली. "खाली 'सा' घुमत ठेवाचा अन् वरतं तीव्र 'म' मारत राह्याचं. हेवीवाल्यायले ते अंतर लय आवडते. ऐकणाऱ्याले बसू देत नाई. मारव्यात तर ते घरचंच आहे."

 रात्री सत्यशीलानं भाकरीला दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं उकंडा उठला.

पुढं फोनवर ठरत गेलं. ढोल आणि गिटार आधी यंत्रात भरून ठेवायचे, बाबांनी शेवटी येऊन आलापी वाजवायची. ममतानं विचारलं, "बाबा, 'सा' कोणता धरू? हार्मोनियमची कोणती पट्टी?"

"पांढरी एक."

"नक्की?"

"अवं, जल्म गेला माहा पांढरी एकमधी."

"जरासं वाजवून पाठवा ना फोनवर. म्हंजे चूक नको व्हाले."

"फोनवर फुकट नाई फुंकत मी. दम ठेवला आहे तो कामासाठी आहे."

तिनं ऐकलं. तिथंच चूक झाली, पण ती कळायला अजून अवकाश होता.

ठरल्या दिवशी उकंडा आणि सत्यशीला सकाळच्या एसटीनं मारेगाव, करंजी करत यवतमाळला पोहोचले. ममता स्टँडवर उभी होती. ऑटोत बसताना तिनं पेटी घ्यायला हात पुढं केला, त्यानं दिली नाही. पेटी मांडीवर घेऊन तो लोहाऱ्यापर्यंत तोंड मिटून बसला. बोलणंही तो राखून ठेवत होता.

जागा म्हणजे एक बंद पडलेली दालमिल. तिच्या मालकाचा मुलगा पियुष ममताच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. टिनाच्या शेडमध्ये एका कोपऱ्याला त्यांनी चारी बाजूंनी जुन्या पोत्यांचा बारदाना लटकवला होता, आवाज घुमू नये म्हणून. जुन्या तुरीचा वास अजून गेला नव्हता.

"जय भीम काकाजी," पियुष म्हणाला. "बसा. पानी? चाय? पंखा लावू का?"

"पंखा नको. सूर हालते."

पियुष ममताकडे पाहून हसला. "तुह्यासारखेच आहेत."

"मी त्यायच्यासारखी आहे," ती म्हणाली.

सत्यशीला बारदान्याबाहेर एका रिकाम्या पोत्यावर बसली. उकंडानं पेटी उघडली, वाद्य जोडलं, त्याची वेताची पत्ती तोंडात धरून ओली केली. गाणं ऐकायचं कानावरचं यंत्र त्यानं एकाच कानाला लावून घेतलं, दुसरा मोकळा ठेवला. तयार गाणं सुरू झालं. ढोल आधी लांबून आला, मग जवळ. गिटार खाली घुमू लागली. त्याला आवडलं. हे काम घाईचं नव्हतं, कुणीतरी मांडी घालून केलेलं होतं. आपली जागा आली तशी त्यानं छाती भरली आणि 'नि' लावला.

सूर फाटला. एक चाक रुळावर आणि एक खाली, असं काहीतरी झालं. त्याला वाटलं, पत्ती सुकली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

पियुषनं गाणं थांबवलं आणि जमिनीकडे पाहत राहिला. म्हातारा माणूस, कानाला कमी ऐकू येत असेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उकंडानं ते वाचलं.

"बाबा, नुसता 'सा' द्या," ममता म्हणाली.

त्यानं दिला. सरळ, न हलणारा. ममतानं मोबाइल पुढं धरला, त्यावर सुराचं नाव उमटलं. तिनं ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"ही काळी पाच आहे."

"पांढरी एक आहे," उकंडा म्हणाला. "बोटं पाहून घे. ही पांढरी एक."

"बोटं पांढरी एकची आहेत बाबा. सूर काळी पाचचा निघून राह्यला."

उकंडा आपल्या बोटांकडे पाहत राहिला. मग त्याला हळूहळू उमगत गेलं. क्लॅरोनेटची घडणच तशी असते. ज्या बोटांना बँडवाले पांढरी एक म्हणतात, त्यांतून हार्मोनियमवरची काळी पाच निघते, दोन पट्ट्या खाली. ट्रम्पेटही त्याच मापाचं. नानाजी मास्तरांच्या बँडमध्ये सगळे बोटांची भाषा बोलायचे, आणि हार्मोनियमवाला त्यांच्यात कधी आलाच नाही. मग चूक दाखवणार कोण? एवढी वर्षं सगळे मिळून चुकीचं नाव घेत होते आणि बरोबर वाजवत होते.

ममतानं मात्र खरी पांढरी एक धरून सगळं भरून ठेवलं होतं.

"टेन्शन नाही," पियुष म्हणाला. "कम्प्युटरमधे गिटार दोन पट्ट्या खाली उतरवून देतो. अभी होते."

त्यानं उतरवून दाखवलं. गिटार ओल्या पोत्यासारखी झाली. ममतानं मान हलवली. "नाई. मी तारा उतरवते अन् पुन्हा वाजवते. सगळं. बाबा, तुमी तुमच्या 'सा'त वाजवा, मी खाली येते."

"पूरी गिटार?" पियुष म्हणाला. "पागल झाली का? किती दिवस गेले त्यात!"

"मंग जातीन अजून."

उकंडानं हात वर केला. "चूक माही. मेहनत तू काहून करशील?"

"त्यात काय झालं बाबा?"

"झालं ना. ज्यानं डबा पाडला त्यानं भरावा. मी दुसऱ्या बोटावरून वाजवतो. तुमचा 'सा' आहे तिथीच राहू द्या."

"जमते ते?"

"मास्तरांनी सगळ्या बोटावरून करून घेतलं आहे."

करून घेतलं होतं हे खरं. पण तेव्हा छाती वेगळी होती. एका बोटानं वर सरकलं की सगळे सूर नव्या जागी जातात, आणि जिथं बोट सहज पडायचं तिथं मनगट वळवावं लागतं. नवी वाट असली की माणूस जास्त श्वास खर्च करतो. हे उकंडाला कुणी सांगायला नको होतं, खाणीत नव्या गाळ्यात पहिल्या दिवशी सगळ्यांचंच तसं व्हायचं. तरी त्यानं छाती भरली.

पहिला तुकडा आला. 'नि', कोमल 'रे', 'ग'. पियुषनं मान वर केली. दुसरा तुकडा आला, तीव्र 'म' गिटारीच्या घुमाऱ्यावर चढून बसला आणि शेडमधली हवा घट्ट झाली. ममता तोंडावर हात ठेवून उभी होती. तिसऱ्या तुकड्यात त्याला 'ध'वर लांब थांबायचं होतं. मास्तरांनी बांधून दिलेलं थांबणं. तो पोहोचला, थांबला, आणि छातीनं हात वर केले.

खोकला आला तो जाईना. सत्यशीला बारदाना बाजूला सारून आत आली, तिनं त्याला खाली बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि क्लॅरोनेट त्याच्या हातातून काढून ममताकडे दिलं.

"झालं का समाधान?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

पाणी झालं. गोळी झाली. खोकला बसला तेव्हा उकंडा भिंतीला टेकून होता आणि त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. छातीतला राखून ठेवलेला दम संपला होता. उद्या येईल, परवा येईल, अशातला तो राहिला नव्हता. ज्यानं आयुष्यभर दमावर काम काढलं त्याला ते आतून कळतं. त्यात वाद घालायला जागा नसते.

"बाबा," ममता हळू म्हणाली, "दोन तुकडे लय सुंदर आले. तेवढेच ठेवते गाण्यात."

"पूस."

"काहून?"

"अर्धा डबा मोजत नाई कोणी. तोंडावर कोळसा आला की मोजतेत. पूस ते."

"काकाजी, रहने दो ना," पियुष म्हणाला. "असा आवाज फिर कुठून आणायचा?"

"बेटा, मले माहीत आहे कसा आवाज होता तो. म्हून तं सांगून राह्यलो. पुढचं नसलं की लोक त्याची दया खातीन. मले गाण्यात बसाचं होतं, दवाखान्यात नाई. पूस."

ममतानं बापाकडे पाहिलं, मग यंत्राकडे. तिनं पुसलं. त्यानं आपल्या आवाजाची रेघ पडद्यावरून जाताना पाहिली आणि मान हलवली.

 सत्यशीलानं डबा उघडून भाकरी आणि वांग्याची भाजी काढली. उपाशी राहून काही होणार नव्हतं. सगळे पोत्यांवर बसून जेवले. उकंडानं दोन घास घेतले. जेवता जेवता तो एकदम म्हणाला, "तुह्या गिटारवर 'ध' किती वेळ थांबते?"

"पाहिजे तेवढा. आवाज वाढवून ठेवला की सूर मरतच नाई."

"फुकटात?"

"फुकटात नाई बाबा." तिनं डावा हात पुढं केला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, एकाचं कातडं फाटून पुन्हा जुळलेलं. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, जसं कुणी बेलच्याचा दांडा पाहतो.

"हात धू अन् तारा उतरव," तो म्हणाला. "माह्या काळी पाचवर. मी सांगतो, तू वाजव."

तिनं तारा सैल केल्या. आवाज खाली गेला आणि जड झाला, टिनाचं छत हलकं गुणगुणू लागलं. सैल तारेवर बोट आडवं ओढलं की सूर लांबवर सरकत जायचा, फुंकेनं सरकतो तसा. ही गंमत पांढरी एकवर नव्हती. पियुषच्या ते लक्षात आलं आणि त्यानं कान टवकारले, पण उकंडाला कौतुकाला वेळ नव्हता.

"नि. ओढ. अजून. आता 'रे'वर जा, पण उडी नको मारू. घसरत जा. हां. सोड."

ती वाजवत गेली. सूर सगळे बरोबर होते. तिनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. तरी उकंडाचा चेहरा आंबला.

"थांब. तू मरशील अशानं."

"मी काहून मरीन? मले काय फुंकाचं आहे?"

"तू नाई मरत, ऐकणारा मरते. त्याचा दम तुटून राह्यला अन् तू चालूच आहे. 'ग' झाला की श्वास घे."

"गिटारले श्वास नाई लागत बाबा."

"वाजवणाऱ्याले लागते ना? नाक आहे का नाई तुले? श्वास घे, तवा तारेवर हात ठेव. सूर बंद. श्वास झाला की मंग पुढं."

तिनं हात ठेवून तार बंद केली. शेडमध्ये एकदम शांतता पडली, आणि त्या शांततेत पुढचा सूर आला तेव्हा पियुषच्या तोंडून "अय्यो" निघालं. एवढ्या मोठ्या आवाजाला असं खिंडार पडलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

मग दुपारभर तेच चाललं. बाप भिंतीला टेकून, पोरगी समोर. "इथी घे." "आत्ता नाई, अजून एक सूर जाऊ दे." "खांदे काहून वर करून राह्यली? पोटात घे." मध्ये वीज गेली, आली. ममताच्या बोटातून रक्त आलं, तिनं चिकटपट्टी लावली, सूर दबका झाला म्हणून काढून टाकली. सत्यशीला एकदा म्हणाली, "लेकरू हाय ते, बैल नाई," आणि दोघंही एकाच सुरात म्हणाले, "थांब जराशी." ती हसली नाही, पण बाहेर जाऊन चहाचं पाहू लागली.

ऊन बारदान्याच्या भोकांतून आडवं आलं तेव्हा ममता म्हणाली, "आता भरू. पियुष, लाव."

ढोल आला. घुमारा तिनं नुकताच नव्यानं भरलेला होता, काळी पाचवर. ती सुरू झाली. पहिला तुकडा, श्वास. दुसरा तुकडा, श्वास. तीव्र 'म' आला तेव्हा उकंडाच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली. मग तिसरा तुकडा. ती 'ध'वर पोहोचली आणि थांबली. सूर भिंतीसारखा उभा राहिला. त्या थांबण्याच्या शेवटी श्वास होता, मास्तरांचा ठरलेला. तिनं तिथं घेतला नाही. ती पुढं गेली, 'ध'वरून खाली 'म'वर, 'ग'वर, आणि कोमल 'रे'च्या अर्ध्यात कुठं तरी, जिथं नानाजी मास्तरांनी छडी उगारली असती, तिथं तिनं तार बंद केली आणि तोंड उघडून हवा घेतली.

उकंडानं बोट वर केलं. थांबवायलाच केलं होतं.

पण ती खोटा श्वास घेत नव्हती. तिला तिथंच लागला होता. तिच्या हाताची ताकद तिथं संपली होती आणि तिथूनच तिनं पुन्हा उचललं. दिवसभरात तिचे बाकीचे सगळे श्वास त्यानं दिलेले होते. हा तिचा होता. मास्तरांची छाती, त्याची छाती आणि हिची छाती एका मापाची नव्हती, आणि जागा छातीनं ठरते. त्याचं बोट तसंच हवेत राहिलं आणि मग खाली आलं.

ती शेवटी 'सा'वर आली. ढोल थांबला.

"तिथी श्वास चुकला ना?" ममतानं विचारलं. तिचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "माहीत आहे मले. पुन्हा घेऊ का?"

"हात आहे का पुन्हा घ्याले?"

तिनं बोटं उघडमीट करून पाहिली. "नाई."

"मंग हेच ठेव."

"चुकलेलं?"

"चुकलेलं नाई. ठेव. अन् पुढच्या वेळी तिथीच घेजो. जागा बदलू नको."

पियुषनं विचारलं, "काकाजी, नाव काय लिहू तुमचं? क्लॅरोनेट तर नाही यात."

"माहं नको लिहू. नानाजी मास्तर लिही. आलापी त्यायची."

"अन् तुमी?"

"मी मजूर," उकंडा म्हणाला. सत्यशीलाकडे वळून त्यानं विचारलं, "इथी आडवं व्हाले काही आहे का?"

तिनं बारदान्याच्या गठ्ठ्यावर आपली शाल पसरली. तो कुशीवर पडला. पियुषला गाणं ऐकायची घाई झाली होती. त्यानं सगळं एकत्र लावलं, ढोल, घुमारा, आलापी, आणि भोंग्याची खुंटी फिरवली. टिन थरथरलं, छतावरची धूळ खाली आली. त्यानं वळून पाहिलं तर उकंडाचं तोंड उघडं पडलं होतं आणि तो घोरत होता.

पियुषनं घाईनं खुंटीला हात घातला.

"राहू दे," ममता म्हणाली. "आवाज कमी झाला की जागे होतेत ते. खाणवाले आहेत."

"गाडी सहाची आहे म्हना," सत्यशीला म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिनं शालीचं टोक ओढून त्याच्या पायांवर घातलं आणि भोंग्यासमोर, कानात बोटं घालून, बसून राहिली.